कन्सोलवरच्या शिव्या आणि ‘पोरकट’ खेळाडू : पार्श्वभूमी

प्लेस्टेशन 5 हा टीव्हीला जोडून खेळायचा कन्सोल भारतात 2 फेब्रुवारी 2021 ला विक्रीला आला आणि त्याच्याबरोबर बैठकीच्या खोलीत एक उघडा माइक आला. आधी बोलायचं तर बहुधा कानात काहीतरी अडकवावं लागायचं. इथे माइक हातातल्या कंट्रोलरमध्येच बसवलेला आहे. मधलं छोटं बटण दाबलं की नारिंगी दिवा लागतो आणि माइक बंद होतो. दिवा नसला तर घरातलं बोलणं बाहेर जातं. इंदूरला राजेंद्रनगरमध्ये ताईकडे हे आम्हाला एका संध्याकाळी कळलं. बारा वर्षांचा भाचा खेळत होता. ताईने स्वयंपाकघरातून हाक मारली, “अरे, वरण निवतंय, ये ना आता!” दोन-तीन सेकंदांत टीव्हीतून एका पुरुषाचा भरदार आवाज आला. मराठी न येणाऱ्या माणसाने ओढूनताणून काढलेले ताईचेच शब्द, तिच्याच सुरात, आणि पाठोपाठ आईवरून हिंदी शिवी. बाकीचे हसले. एक जण म्हणाला, “छोड़ ना, बच्चा है.” भाचा माझ्याकडे वळून एवढंच म्हणाला, “मामा, तो आईची नक्कल करतोय.”

शिवी देणारा तिशीचा असावा, पण त्या लॉबीत, म्हणजे खेळाडू ऑनलाइन जमतात त्या जागी, ‘बच्चा’ ठरला तो भाचा. गेल्या वीस-बावीस वर्षांत कन्सोलवरच्या घाण बोलण्यावर जे जे उपाय झाले, त्या सगळ्यांत हीच गफलत दिसते.

सुरुवात थोडक्यात सांगतो. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या कन्सोलची ऑनलाइन सेवा अमेरिकेत 15 नोव्हेंबर 2002 ला सुरू झाली आणि तिच्या पहिल्या संचातच हेडसेट होता. अनोळखी माणसाशी थेट बोलता येणं हेच तिचं आकर्षण होतं. लहान मुलं ओळखू येऊ नयेत म्हणून काही खेळांत आवाज बदलायची सोयही होती. म्हणजे धोका पहिल्या दिवसापासून दिसत होता. 2005 च्या एक्सबॉक्स 360 वर खेळाडूने स्वतःचा ‘झोन’ निवडायचा असे: फॅमिली, रिक्रिएशन, प्रो किंवा अंडरग्राउंड. फॅमिली लिहिणारा आणि अंडरग्राउंड लिहिणारा तरीही एकाच सामन्यात भेटायचे. त्या झोनचा व्यवहारात काही उपयोग मी तरी पाहिला नाही. पाच तारेही होते, बरोबर खेळलेल्यांच्या पसंती-नापसंतीवरून ठरणारे. हरलेला माणूस जिंकलेल्याला नापसंत करतो, हे कळायला फार हुशारी लागत नाही.

एक्सबॉक्स 360 आपल्याकडे सप्टेंबर 2006 मध्ये आला आणि प्लेस्टेशन 3 एप्रिल 2007 मध्ये. पण इंदूरात कन्सोल म्हणजे त्या काळी पार्लर. भंवरकुआँ भागात, कोचिंगच्या मुलांच्या गर्दीत, एका गाळ्यात चार टीव्ही आणि नकली डिस्क चालाव्यात म्हणून चिप केलेले चार प्लेस्टेशन 2. तासाच्या हिशोबाने पैसे. तिथे शिव्या नव्हत्या असं मी म्हणणार नाही. त्या भरपूर होत्या. मात्र समोरचा खांद्याला खांदा लावून बसलेला असायचा, त्यामुळे कुठे थांबायचं ते त्याच्या तोंडाकडे बघून कळायचं. कुणी आई-बहिणीवर गेलं की मालक गल्ल्यावरून ओरडायचा, “भिया, ज़बान सँभाल,” आणि दुसऱ्यांदा ऐकू आलं की कंट्रोलर काढून घ्यायचा. तासाचे पैसे बुडायचे. पुढे कंपन्यांनी जे जे केलं त्यात ही ताबडतोब मिळणारी शिक्षा मला कधी दिसली नाही.

इथे एक गोष्ट फक्त आपल्या माणसांना कळेल अशी आहे. इंदूरच्या मराठी घरातल्या मुलाला शिव्या मराठीत येतच नाहीत. घरात मराठी, गल्लीत हिंदी, आणि शिवी गल्लीची. माळव्याच्या बोलीत मित्रामित्रांत काही शब्द निव्वळ पालुपदासारखे येतात, बोलणाऱ्याला त्यांचा अर्थही आठवत नाही. तोच मुलगा राजवाड्यावर आजोबांबरोबर चालताना तोंडातून एक वावगा शब्द काढणार नाही. हेडसेट कानात गेला की तो गल्लीत उभा असतो, पण शरीराने आईच्या बैठकीच्या खोलीत. कंट्रोलरमध्ये माइक आल्यावर हे दोन्ही एकमेकांत मिसळले.

ऑनलाइन कन्सोलचे आमचे खरे दिवस प्लेस्टेशन 4 चे. तो भारतात जानेवारी 2014 मध्ये आला. खोक्यात एका कानाचा साधा हेडसेट होता, त्यामुळे प्रत्येकाला तोंड मिळालं. शिवाय ‘पार्टी’ मिळाली: सात-आठ मित्रांची आपसात बोलायची स्वतंत्र खोली, खेळ कोणताही असो. एक्सबॉक्स 360 वर ही सोय नोव्हेंबर 2008 मध्ये आली होती. प्लेस्टेशन 3 ला ती शेवटपर्यंत मिळाली नाही. शिव्यांवर सगळ्यांत परिणामकारक ठरलेला उपाय हाच, आणि तो शिव्यांसाठी केलेला नव्हता. आम्ही रोज रात्री जेवण झाल्यावर पार्टीत जमायचो. कुणी पुण्यात नोकरीला, कुणी विजयनगरात, कुणी सुदामानगरात. सामन्यातल्या अनोळखी लोकांचा आवाजच येत नसे. फार सुखाचे दिवस होते ते. पण आम्ही बाहेर पडल्यावर सामन्याच्या सामाईक चॅटमध्ये उरलं कोण? ज्यांना पार्टी नव्हती ती लहान मुलं, आणि ज्यांना ऐकवायला कुणीतरी हवं होतं ते. समज असलेली माणसं निघून गेली आणि मुलांची बाजू घ्यायला तिथे कुणी राहिलं नाही. आम्हीही गेलो, हे मला आज बोचतं. 2009 च्या एका मोठ्या युद्धखेळाने काही प्रकारांत पार्टी बंद करून पाहिली होती. कारण मात्र वेगळं होतं: मेलेला साथीदार पार्टीतून शत्रूची जागा सांगायचा.

त्यानंतर गर्दी वाढली. सप्टेंबर 2016 मध्ये स्वस्त इंटरनेट आलं, पुढच्या वर्षी फोर्टनाइट या नेमबाजीच्या खेळाचा फुकट प्रकार आला, मार्च 2020 मध्ये वॉरझोन हा तसाच फुकट युद्धखेळ आला आणि दोन आठवड्यांत टाळेबंदी लागली. प्लेस्टेशनवर फुकट खेळाला वर्गणीही लागत नव्हती. जेल रोडवरून जुना प्लेस्टेशन 4 आणायचा आणि बसायचं. शाळा बंद असलेली मुलं आणि कामधंदा थांबलेली मोठी माणसं दिवसभर एकाच लॉबीत होती.

आता त्या शब्दाकडे येतो, कारण सगळा गुंता तिथे आहे. तक्रार ‘इम्मॅच्युअर’ खेळाडूंची असते. आपण त्याला पोरकट म्हणतो. मराठीत पोर आणि पोरकट यांत अंतर आहे. पोर वयाने असतं, पोरकटपणा पन्नाशीतही सुटत नाही. खेळांच्या व्यवहारात ‘मॅच्युअर’ या शब्दाचा अर्थ पार उलटा झाला. अमेरिकेतली वयोगट ठरवणारी संस्था 1994 पासून खेळांवर शिक्के मारते. त्यांतला ‘मॅच्युअर’ म्हणजे सतरा वर्षांच्या पुढच्यांसाठी, ज्यात रक्त, हिंसा आणि कडक भाषा असू शकते. म्हणजे भाषा जितकी घाण, तितका खेळ ‘प्रौढ’. हा शिक्का खेळात लिहिलेल्या संवादांपुरताच आहे. खेळाडू एकमेकांना काय बोलतील त्याचं मूल्यमापन केलेलं नाही, असं ती संस्था वेगळ्या ओळीत छापते. भाच्याने त्या संध्याकाळी जे ऐकलं ते कुठल्याच शिक्क्यात बसत नाही.

2019 मध्ये एक्सबॉक्सने लेखी निरोपांसाठी गाळणी आणली. तिचे चार टप्पे: फ्रेंडली, मीडियम, मॅच्युअर, अनफिल्टर्ड. पुन्हा तेच. ‘मॅच्युअर’ निवडलं की जास्त शिव्या दिसतात. लॉबीत मात्र शिव्या देणाऱ्यालाच ‘इम्मॅच्युअर’ म्हणतात. बारा वर्षांच्या मुलाने यातून काय समजायचं? त्याला दिसतं ते हे, की मोठं होणं म्हणजे शिव्यांची परवानगी मिळणं. तो आवाज जाड करून शिवी देतो, कारण पातळ आवाज ऐकला की सगळे तुटून पडतात. मग त्याची तक्रार होते, पोरकट म्हणून.

त्याच वर्षी एक्सबॉक्सने चिडवणं कुठपर्यंत चालेल याची उदाहरणं छापली. एका बाजूला चालणारी वाक्यं, दुसऱ्या बाजूला न चालणारी. हे काम मला मनापासून आवडलं, कारण नुसतं ‘सभ्य राहा’ म्हणण्यापेक्षा वाक्य समोर ठेवणं प्रामाणिकपणाचं आहे. एका जोडीचा आशय असा: एकाच जागी दबा धरून बसलास म्हणून तुझा मारल्या-मेल्याचा हिशोब बरा दिसला, पुन्हा प्रयत्न कर, पोरा. हे चालेल. न चालणाऱ्या वाक्यात पहिला भाग तोच. फक्त ‘पुन्हा प्रयत्न कर’च्या जागी जीव देण्याचा सल्ला. ‘पोरा’ दोन्हीकडे आहे. म्हणजे कुणाला पोर म्हणणं हा अपमान धरलाच नाही. दोन मोठी माणसं खेळत असतील तर ते ठीकच, आपल्याकडेही ‘जा रे पोरा’ म्हणतातच. पण ऐकणारा खरोखर पोर असेल तर? त्या कागदात याचं उत्तर नाही. मला वाटतं, ते असायला हवं होतं.

उत्तर आलं ते दुसऱ्याच वाटेने. डिसेंबर 2022 मध्ये अमेरिकी ग्राहकांच्या हिताची काळजी घेणाऱ्या सरकारी यंत्रणेने फोर्टनाइटच्या कंपनीशी तडजोड केली. मुलांच्या खाजगीपणाच्या कायद्याखाली 27.5 कोटी डॉलरचा दंड झाला. आरोपांत एक असा होता, की मुलांचा आवाज आणि मजकूर अनोळखी लोकांशी आपोआप जोडलेला होता आणि त्यातून मुलांना त्रास झाला. आता लहान आणि किशोरवयीन मुलांसाठी ते आधीपासून बंद ठेवावं लागतं. हे योग्यच झालं. तरी बघा, शिवी मोठ्या माणसाने दिली आणि माइक मुलाचा बंद झाला.

तक्रार कशी करायची, याचा इतिहास वेगळाच आहे. एक्सबॉक्स 360 नंतरच्या एक्सबॉक्स वनवर खेळाडूच्या प्रोफाइलवर हिरवा, पिवळा किंवा लाल शेरा दिसू लागला. लाल म्हणजे ‘मला टाळा’. 2016 मध्ये एका लोकप्रिय नेमबाजीच्या खेळाने ‘या खेळाडूला टाळा’ हा पर्याय काढून टाकला. एक उत्तम खेळणारा माणूस इतक्यांनी टाळला होता, की त्याला सामना मिळायला फार वेळ लागू लागला. शिवी देणारा आणि हरवणारा यांच्यात फरक करणं त्या बटणाला जमलं नाही. मग आवाज साठवायची पद्धत आली. प्लेस्टेशन 5 शेवटची पाच मिनिटं धरून ठेवतो आणि त्यातले चाळीस सेकंदांपर्यंत पाठवता येतात. ऑक्टोबर 2020 मध्ये हे पहिल्यांदा कळलं तेव्हा आपलं बोलणं कुणी ऐकतंय की काय म्हणून आरडाओरड झाली. मात्र ही सोय पार्टीतल्या बोलण्यासाठी आहे, म्हणजे जिथे ओळखीचे बसतात तिथे. सामन्याच्या सामाईक चॅटमधली शिवी त्यात येत नाही. एक्सबॉक्सने जुलै 2023 मध्ये साठ सेकंदांची सोय केली, ती सामन्यातही चालते. पुढच्या महिन्यात आठ ठपक्यांची पद्धत आली: प्रत्येक ठपका सहा महिने राहतो आणि आठ झाले की एक वर्ष बोलणं-भेटणं बंद. यंत्राने लॉबी ऐकायचा मोठा प्रयोग कॉल ऑफ ड्यूटी या युद्धखेळात झाला. ऑगस्ट 2023 मध्ये उत्तर अमेरिकेत, नोव्हेंबरमध्ये जगभर, आशिया वगळून. सुरुवात इंग्रजीने झाली, मग स्पॅनिश आणि पोर्तुगीज. माळव्याची हिंदी त्यात नव्हती आणि मराठीचा तर प्रश्नच नव्हता.

आपल्याकडे 2023 च्या विदा (डेटा) संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानलं आणि पालकांची संमती आवश्यक केली. 2025 चा ऑनलाइन खेळांचा कायदा मुख्यतः पैशांच्या खेळांसाठी आहे.

त्या संध्याकाळी आम्हीही तक्रार केली. खेळाच्या यादीतून त्या माणसाचं नाव शोधलं, ‘अपमानकारक आवाज’ हा पर्याय निवडला. खाली तपशील लिहायला चौकट होती. ताई हात पुसत मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “काय म्हणाला तो नेमकं?” भाच्याने माझ्याकडे पाहिलं. तिच्यासमोर ते शब्द त्याला उच्चारता येईनात, मलाही येईनात. चौकट रिकामी ठेवून आम्ही तक्रार पाठवली आणि तो जेवायला गेला.