शिंकोलोब्वे

शिंकोलोब्वे (चिंकोलोब्वे) : काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या ओ-काटांगा प्रांतातील एक उद्ध्वस्त खेडे व त्यालगतची बंद पडलेली युरेनियमची खाण. स्थान सु. ११° ०३' द. व २६° ३३' पू. लिकासी (पूर्वीचे जादोव्हिल) शहराच्या पश्चिमेस सु. २० किमी.वर, तर प्रांताची राजधानी लुबुम्बाशीच्या वायव्येस हे ठिकाण आहे. जुन्या बेल्जियन कागदपत्रांत खाणीच्या टेकडीचा उल्लेख ‘कासोलो’ असाही येतो. भूविज्ञानाच्या ग्रंथांत ‘शिंकोलोब्वे-कासोलो’ असे जोडनाव रूढ आहे. संदर्भग्रंथांतून हे नाव बहुतेक वेळा केवळ खाण म्हणून येते. प्रत्यक्षात खाणीच्या काठाने २००४ सालापर्यंत मोठी वस्ती नांदत होती, म्हणून प्रस्तुत नोंदीत गाव आणि खाण या दोहोंचा विचार केला आहे.

भूप्रदेश काटांगाच्या पठाराचा असून उंची १,२०० मी.च्या वर आहे. अक्षवृत्ताने उष्ण कटिबंधात असूनही उंचीमुळे हवा काँगो खोऱ्यातील दाट अरण्यांपेक्षा सौम्य असते. नोव्हेंबर ते एप्रिल पाऊस (सु. १,२०० मिमी.) व मे ते सप्टेंबर कोरडा ऋतू. वनस्पती मिओंबो प्रकारच्या, म्हणजे ब्रॅकिस्टेजिया व तत्सम शेंगधारी वृक्षांच्या विरळ, पानगळी रानाच्या. या रानात मधूनमधून झाडे नसलेल्या, गवताळ टेकड्या दिसतात. तेथील मातीत तांबे व कोबाल्ट इतके असते की वृक्षांची मुळे तग धरत नाहीत. धातू सोसणाऱ्या मोजक्या लहान वनस्पतीच वाढतात. त्यांपैकी हॉमानिआस्ट्रम काटांगेन्से ही जांभळ्या फुलांची वनस्पती ‘तांबेफूल’ म्हणून ओळखली जाते. युरोपीय संशोधक येण्याच्या कित्येक शतके आधीपासून काटांगातील लोहार-तांबटांना अशा उघड्या टेकड्यांचा अर्थ ठाऊक होता. ते मॅलॅकाइट (तांब्याचे हिरवे खनिज) खणून भट्टीत वितळवीत व फुलीच्या आकाराच्या साच्यांत तांबे ओतीत. या फुल्या दूरच्या बाजारांत चलनासारख्या चालत. परिसर बासांगा लोकांचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे म्सिरी या येके जमातीच्या राजाचा अंमल होता. २० डिसेंबर १८९१ रोजी बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याने पाठविलेल्या मोहिमेतील अधिकाऱ्यांशी झालेल्या चकमकीत तो मारला गेला आणि काटांगा काँगो मुक्त राज्यात ओढला गेला.

युरेनियमचा शोध केव्हा लागला याविषयी ग्रंथांत एकवाक्यता नाही. बहुतेक ठिकाणी १९१५ हे साल व रॉबर्ट रिच शार्प या ब्रिटिश पूर्वेक्षकाचे (खनिजांचा शोध घेणाऱ्याचे) नाव येते. काही ठिकाणी १९१३ दिले जाते. हा फरक बहुधा लुबुम्बाशीजवळच्या लुइस्विशी येथील शोधाशी झालेल्या गल्लतीतून आला असावा. तेथेही युरेनियमची खनिजे त्याच सुमारास आढळली होती, पण साठा किरकोळ होता. शिंकोलोब्वेपुरते १९१५ हेच साल ग्राह्य धरणे योग्य दिसते. महायुद्ध चालू असल्याने व मालकी असलेल्या यून्याँ मिनिएर द्यु ओ-काटांगा (स्थापना १९०६) या कंपनीने मौन पाळल्याने शोधाचा गवगवा झाला नाही. उत्खनन १९२१ मध्ये सुरू झाले.

निक्षेपाची रचना व उत्पत्ती : काटांगाचा ताम्रपट्टा हा कॅम्ब्रियन-पूर्व काळाच्या अखेरच्या टप्प्यात साचलेल्या गाळाच्या खडकांचा बनलेला आहे. त्यातील रोआन गटाचे डोलोमाइट व डोलोमाइटी शेल हे तांबे-कोबाल्टचे मुख्य वाहक. पुढे लुफिली गिरिजननात (पर्वतनिर्मितीच्या घडामोडीत) या थरांना वळ्या पडल्या, ते तुटले आणि त्यांचे मोठमोठे तुकडे विभंगांच्या (खडकांतील भेगांच्या) वाटेने वरच्या तरुण थरांत घुसले. शिंकोलोब्वेचा निक्षेप अशाच घुसलेल्या तुकड्यांत आहे. युरेनिनाइट (पिचब्लेंड) हे युरेनियमचे खनिज येथे मुख्यतः शिरांच्या रूपात आढळते, आणि काटांगाच्या इतर खाणींच्या तुलनेत एक लक्षणीय फरक म्हणजे त्याच्या सोबतीला तांब्याऐवजी निकेल व कोबाल्टची सल्फाइडे अधिक आहेत. सिजेनाइट, व्हेसाइट, कॅटिएराइट यांखेरीज मॉलिब्डेनाइट, मोनॅझाइट आणि अल्प प्रमाणात सोनेही मिळाले. युरेनिनाइटाचे सुबक घनाकृती स्फटिक हे येथील वैशिष्ट्य. काहींची कड सेंटिमीटरांत मोजण्याइतकी मोठी आहे, जे या खनिजाच्या बाबतीत विरळच म्हणावे लागेल.

उत्पत्तीसंबंधी दोन मते आहेत. थोरो व द्यु त्रिए द तेरदाँक यांनी १९३३ मध्ये निक्षेपाचे सविस्तर वर्णन केले आणि शिरांचे स्वरूप पाहून तो जलतापीय ठरविला. खोलवरच्या शिलारसापासून निघालेल्या उष्ण द्रावांनी धातू वर आणले, अशी या मताची मांडणी. अडचण अशी की अशा शिलारसाचे खडक आसपास उघडे पडलेले नाहीत. दुसऱ्या मतानुसार युरेनियम मूळच्या गाळातच, किंवा त्याखालच्या जुन्या ग्रॅनाइटी पायात विखुरलेले होते; खोऱ्यातील खारट द्रावांनी ते विरघळवून एकवटले व गिरिजननाच्या वेळी ते पुन्हा हलले. वयनिश्चितीचा कौल काहीसा या दुसऱ्या मताकडे झुकतो. लुई काएन व त्यांच्या सहकाऱ्यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास युरेनियम-शिसे पद्धतीने काटांगातील युरेनियमची वये साधारण ६० ते ७० कोटी वर्षे या मर्यादेत दिली होती. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, स्फटिकाच्या सूक्ष्म बिंदूंवर केलेल्या मापनांत मात्र दोन वेगळे टप्पे दिसतात : एक सु. ६५ कोटी वर्षांपूर्वीचा व दुसरा सु. ५३ कोटी वर्षांपूर्वीचा. पहिला टप्पा खोरे ताणले जात असतानाचा आणि दुसरा गिरिजननातील पुनर्संचयाचा, असा अन्वय लावला जातो. तो मान्य केला तर शिरांचे जलतापीय रूप व गाळाशी असलेले नाते या दोन्ही गोष्टींचा एकत्र उलगडा होतो.

भूपृष्ठालगतच्या भागात पाणी व हवेमुळे युरेनिनाइटाचे रूपांतर होऊन पिवळ्या, नारिंगी, हिरव्या व जांभळ्या द्वितीयक खनिजांचा थर तयार झाला होता. खनिजविज्ञानात शिंकोलोब्वेचे नाव अजरामर झाले ते या थरामुळे. गेंट येथील खनिजवैज्ञानिक आल्फ्रेड स्खूप यांनी १९२१ पासून एकामागून एक नवी खनिजे वर्णिली : क्युराइट, कासोलाइट, बेकरेलाइट, सोडिआइट, स्क्लोडोव्हस्काइट. पुढे योहानेस व्हेस यांनी १९४७ मध्ये बिलिएटाइट, मासुयाइट, रिचेटाइट इत्यादींची भर घातली. स्खूप यांच्या नावाने ओळखले जाणारे स्खूपाइटही येथलेच. पिएर क्युरी, बेकरेल, सोडी, माहेरच्या नावाने मेरी क्युरी, कंपनीचे संचालक असे अनेकजण या खनिजांच्या नावांत आहेत. टेकडीचे नाव कासोलाइटात टिकले आहे. खाणीत राबलेल्या आफ्रिकी माणसांपैकी कोणाचेही नाव या मालिकेत नाही, ही बाब येथे नोंदविणे आवश्यक वाटते.

रेडियमचा काळ : आरंभी युरेनियमला जवळपास किंमतच नव्हती, काच व चिनी मातीची भांडी रंगविण्यापलीकडे त्याचा उपयोग नसे. हवे होते ते रेडियम. किरणोत्सर्गी समतोल साधलेल्या जुन्या धातुकात (धातूयुक्त खडकात) सु. तीन टन युरेनियमामागे केवळ एक ग्रॅम रेडियम असते, त्यामुळे धातुक जितका संपन्न तितका खर्च कमी. शिंकोलोब्वेच्या निवडक धातुकात युरेनियम ऑक्साइडाचे प्रमाण ६५ टक्क्यांपर्यंत जाई. झारखंडमधील जादुगुडा येथे ते ०.१ टक्क्याहूनही कमी आहे, यावरून फरकाची कल्पना यावी. हाताने निवडून पोत्यांत भरलेला माल बेल्जियममधील ओलेन येथे जाई. तेथील कारखान्यातून १९२२ मध्ये पहिले रेडियम बाहेर पडले. तोवर ग्रॅमला लाख डॉलरच्या पुढे असलेला भाव ७०,००० डॉलरपर्यंत उतरला, आणि कोलोरॅडोतील कार्नोटाइट या युरेनियमयुक्त खनिजावर चालणारा अमेरिकी रेडियम उद्योग टिकू शकला नाही. १९३० नंतर कॅनडातील ग्रेट बेअर सरोवराकाठच्या खाणीने स्पर्धा निर्माण केली. साठे तुंबले व १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात शिंकोलोब्वेचे काम थांबून खाणीत पाणी साचले.

दुसरे महायुद्ध : अणुविखंडनाचा शोध लागल्यावर पारडे फिरले. अल्बर्ट आइन्स्टाइन यांच्या सहीने अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना गेलेल्या २ ऑगस्ट १९३९ च्या पत्रात युरेनियमचा सर्वांत महत्त्वाचा स्रोत म्हणून बेल्जियन काँगोचा उल्लेख आहे. कंपनीचे प्रमुख एदगार सँझिए यांना ब्रिटिश व फ्रेंच शास्त्रज्ञांकडून त्याच वर्षी सूचना मिळाली होती. त्यांनी १९४० मध्ये सु. १,२०० टन धातुक न्यूयॉर्कच्या स्टेटन बेटावरील गोदामात हलविला. ओलेन येथील साठा मात्र जर्मनांच्या हाती पडला. सप्टेंबर १९४२ मध्ये मॅनहॅटन प्रकल्पाचे (अमेरिकेच्या अणुबाँबनिर्मिती प्रकल्पाचे) अधिकारी केनेथ निकोल्स सँझिए यांना भेटले, तेव्हा हा माल व खाणीवर पडून असलेला साठा असा दोन्हींचा सौदा झाला. टाकाऊ म्हणून ढिगावर टाकलेल्या खडकातही २० टक्क्यांच्या आसपास ऑक्साइड होते. अमेरिकी सैन्याच्या अभियंत्यांच्या मदतीने खाण उपसून पुन्हा चालू करण्यात आली. माल रेल्वेने कासाई नदीवरील इलेबोपर्यंत, तेथून कासाई व काँगो नद्यांतून तराफ्यांवर लेओपोल्डव्हिलला (आताचे किन्शासा), पुन्हा रेल्वेने माटाडी बंदरात आणि पुढे जहाजाने जाई. आधी वापरात असलेले अंगोलातील लोबीतो बंदर तटस्थ पोर्तुगालच्या ताब्यात असल्याने टाळले जाऊ लागले. सप्टेंबर १९४४ मध्ये अमेरिका, ब्रिटन व बेल्जियम यांच्यात पुरवठ्याचा करार झाला. मॅनहॅटन प्रकल्पाने वापरलेल्या युरेनियमपैकी किती भाग काँगोचा होता याचे आकडे मोजण्याच्या पद्धतीनुसार बदलतात, सु. दोन-तृतीयांश हा अंदाज सर्वसाधारणपणे स्वीकारला जातो. त्यामुळे हिरोशिमा व नागासाकीवरील बाँबच्या इतिहासात या गावाचे स्थान निर्विवाद आहे.

वस्ती व कामगार : खाणीच्या टनांचा हिशेब जितक्या तपशिलाने मांडलेला सापडतो तितका माणसांचा सापडत नाही. यून्याँ मिनिएर १९२० च्या दशकापर्यंत कासाई, रुआंडा-उरुंडी इ. दूरच्या प्रदेशांतून मुदतीवर मजूर आणीत असे. त्या दशकाच्या अखेरीपासून कंपनीने कुटुंबासह दीर्घकाळ राहणाऱ्या कामगारांचे धोरण स्वीकारले व कंपनीच्या छावण्या वसल्या. शिंकोलोब्वेची मजूरवस्ती याच प्रकारची. काटांगाची स्वाहिली ही निरनिराळ्या मुलखांतून आलेल्यांची बोली झाली. युद्धकाळात उत्पादनाचा ताण व महागाई वाढली. डिसेंबर १९४१ मध्ये काटांगाच्या खाणींत संप झाला आणि एलिझाबेथव्हिल (लुबुम्बाशी) येथे सैनिकांनी संपकऱ्यांवर गोळीबार करून अनेकांना ठार केले. युद्धानंतर खाणीभोवती कुंपण व पहारा आला. प्रांताच्या कामिना येथे मोठा लष्करी तळ उभारण्यात आला.

स्वातंत्र्यानंतर : ३० जून १९६० रोजी काँगो स्वतंत्र होण्यापूर्वीच कंपनीने उत्खनन थांबवून खाणीत उतरणाऱ्या उभ्या विहिरी काँक्रीटने बुजविल्या. लेओपोल्डव्हिलच्या लोव्हानियम विद्यापीठात १९५९ मध्ये आफ्रिकेतील पहिली अणुभट्टी सुरू झाली होती. युरेनियम पुरविल्याबद्दल काँगोच्या पदरात पडलेला हा जवळपास एकमेव दृश्य मोबदला म्हणता येईल. ११ जुलै १९६० रोजी काटांगाने फुटून निघाल्याची घोषणा केली. त्यानंतरच्या संयुक्त राष्ट्रांच्या कारवाईत भारतीय सैन्याचा वाटा मोठा होता : ५ डिसेंबर १९६१ रोजी एलिझाबेथव्हिल येथे कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया यांना वीरमरण आले (मरणोत्तर परमवीरचक्र), आणि जानेवारी १९६३ च्या आरंभी भारतीय तुकड्यांनी लुफिरा नदी ओलांडून जादोव्हिल ताब्यात घेतले. शिंकोलोब्वेची टेकडी तेथून जवळच होती. यून्याँ मिनिएरच्या राष्ट्रीयीकरणानंतर क्षेत्र जेकामीन या सरकारी कंपनीकडे गेले.

१९९० च्या दशकात जेकामीन डबघाईला आल्यावर बेकार कामगार व आसपासचे शेतकरी हाताने खणू लागले. त्यांना ‘क्र्यूझर’ (खणणारे) म्हणतात. शोध युरेनियमचा नव्हता. काळसर हेटेरोजेनाइट या कोबाल्टच्या खनिजाला चांगला भाव येत होता. मात्र शिंकोलोब्वेच्या हेटेरोजेनाइटात युरेनियम मिसळलेले असते, त्यामुळे खणणारे, माल धुणाऱ्या बाया व पोरे आणि लिकासीच्या भट्ट्यांवरील मजूर नकळत धूळ व किरणोत्सर्गाच्या संपर्कात येत. जानेवारी २००४ मध्ये राष्ट्राध्यक्ष जोसेफ काबिला यांनी हुकूम काढून येथील खणकाम बंद केले, तरी ते चालूच राहिले. जुलै २००४ मध्ये दरड कोसळून किमान आठजण दगावले. पुढच्या महिन्यात अधिकाऱ्यांनी गाव रिकामे करवून झोपड्या जाळल्या. हजारो लोक पांगले. त्या वर्षाच्या अखेरीस पाहणीसाठी आलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या पथकाला खाणीजवळ ओसाड जागा आढळली. पथकाने खाणीच्या खचण्याचा धोका तातडीचा, तर दीर्घकाळच्या किरणोत्सर्गी संपर्काचा धोका गंभीर ठरविला. पुनर्वसनाची सोय न करता वस्ती उठविल्याने खणणाऱ्यांची उपजीविका तुटली, आणि चोरटे खणकाम पुरते थांबले असेही नाही.

मार्च २००९ मध्ये फ्रान्सच्या आरेव्हा कंपनीने काँगोमधील युरेनियमच्या पूर्वेक्षणासाठी सरकारशी करार केला; त्यातून शिंकोलोब्वेची खाण पुन्हा सुरू झालेली नाही.