वेदनाशमन, बेरिॲट्रिक शस्त्रक्रियेनंतरचे

वजन घटवण्यासाठी जठरावर शस्त्रक्रिया झाल्यावर दुखणे कोणत्या औषधांनी आटोक्यात ठेवावे आणि कोणती टाळावीत, यासंबंधीचे उपचारशास्त्र. त्यातले पहिले आठ-दहा दिवस तुलनेने सोपे जातात. चूक होते ती बहुधा पुढे, कधी वर्षांनी, दाढ किंवा गुडघा ठणकू लागतो तेव्हा.

अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये पहिला गॅस्ट्रिक बायपास, म्हणजे जठराचा मोठा भाग टाळून अन्नाला वाट देणारी शस्त्रक्रिया केली, तेव्हा पोट उभे चिरून उघडावे लागे. आता बहुतेक शस्त्रक्रिया दुर्बिणीतून, चार-सहा छोट्या छिद्रांतून होतात आणि टाके फारसे दुखत नाहीत. रुग्ण घाबरतो तो खांदा दुखल्यामुळे. शस्त्रक्रियेच्या वेळी पोटात कार्बन डायऑक्साइड भरलेला असतो. त्याने श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांमधला पडदा, चाळवते, आणि श्वासपटल व खांदा यांच्या संवेदना मानेतल्या एकाच भागातून जात असल्याने मेंदूला खांदाच दुखतोय असे वाटते. चालत राहिले की हे दोन-तीन दिवसांत ओसरते. खोकताना पोटाशी उशी घट्ट धरली की टाक्यांवर ताण कमी येतो. हा उपाय वॉर्डातल्या नर्स डॉक्टरांच्या आधी सांगतात.

रुग्णालयात एकाच जोरकस औषधावर भिस्त ठेवत नाहीत. छिद्रांभोवती बुपिव्हाकेनसारखे बधिर करणारे इंजेक्शन देतात आणि पॅरासिटामॉल शिरेतून, दुखण्याची वाट न पाहता, ठरलेल्या वेळी देतात. ट्रॅमाडॉल, मॉर्फिन यांसारखी अफूवर्गीय औषधे अगदी लागतील तेवढीच. अतिलठ्ठ व्यक्तींपैकी अनेकांना झोपेत श्वास अडण्याचा त्रास असतो आणि ही औषधे श्वास आणखी मंदावतात. मळमळ आणि बद्धकोष्ठता वेगळीच.

खरा धोका आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन या ओळखीच्या पेनकिलरांचा. जठराच्या अस्तराचे रक्षण करणारी प्रोस्टाग्लँडिन्स ही औषधे कमी करतात. बायपासमध्ये जठराचा जेमतेम ३० मिलिलिटरचा कप्पा लहान आतड्याला जोडलेला असतो. आतड्याला आम्ल सोसण्याची सवय नसते, त्यामुळे त्या जोडावर व्रण होतो, रक्त जाते, क्वचित भोकही पडते. धूम्रपानाने हा धोका आणखी वाढतो. ‘गोळी नको, इंजेक्शन घेतो’ ही पळवाट कामाची नाही, कारण औषध रक्तातूनच अस्तरापर्यंत पोहोचते. स्लीव्हमध्ये, म्हणजे जठराचा मोठा भाग काढून नळीसारखा भाग ठेवण्याच्या शस्त्रक्रियेत, असा जोड नसल्याने काही सर्जन थोड्या दिवसांसाठी सूट देतात. बायपास आणि मिनी बायपास (एकाच जोडाचा बायपास) झालेल्यांना मात्र ही औषधे सहसा कायमची वर्ज्य.

अडचण अशी की ही औषधे नाव बदलून घरात येतात. कॉम्बिफ्लाममध्ये पॅरासिटामॉलसोबत आयब्युप्रोफेन असते, डिस्प्रिन म्हणजे ॲस्पिरिन, आणि ‘पी’ अक्षर जोडलेल्या कितीतरी गोळ्यांत पॅरासिटामॉलच्या जोडीला ॲसिक्लोफेनॅक असते. पाकिटावरचे मोठे नाव सोडून खालची बारीक ओळ वाचावी लागते. दंतवैद्याला आणि औषधाच्या दुकानदाराला शस्त्रक्रियेबद्दल आपणच सांगायचे असते. हृदयविकारासाठी कमी मात्रेचे ॲस्पिरिन चालू असेल तर ते मनाने बंद करू नये. सर्जन आणि हृदयतज्ज्ञ मिळून ठरवतात आणि सोबत आम्ल कमी करणारी गोळी देतात.

घरी मुख्य आधार पॅरासिटामॉलचा. प्रौढांसाठी दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम. यकृताचा आजार असेल तर डॉक्टर ती खाली आणतात, आणि या रुग्णांत फॅटी लिव्हर नेहमीचेच. मर्यादा नकळत ओलांडली जाते. ६५० मिलिग्रॅमच्या चार गोळ्या म्हणजे २,६०० मिलिग्रॅम. त्यात सर्दीची ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉलवाली गोळी तीनदा घेतली की आकडा ४,१०० वर जातो. सुरुवातीच्या आठवड्यांत मोठी गोळी उतरत नाही, म्हणून पातळ औषध किंवा बारीक केलेली गोळी देतात. ‘एसआर’ किंवा ‘सीआर’ लिहिलेली, औषध हळूहळू सोडणारी गोळी मात्र कुटू नये, तासन्‌तास पुरवायचे औषध एकदम सुटते. बायपासनंतर गोड सिरपने डम्पिंग, म्हणजे साखर एकदम आतड्यात उतरणे, होऊन घाम, धडधड, जुलाब होऊ शकतात. गुडघ्याला डायक्लोफेनॅकचे जेल लावल्यास रक्तात फार थोडे उतरते, तरी सर्जनला विचारूनच लावावे. वजन उतरले की गुडघ्यांची तक्रार बऱ्याचदा आपोआप कमी होते.

काही दुखण्यांवर गोळी घेऊन वाट पाहणे धोक्याचे. पहिल्या दिवसांत पोटदुखी वाढत जाणे, ताप, दम लागणे, नाडी १२०च्या वर राहणे ही जोड किंवा स्टेपलची रेघ (जठर कापून पिनांनी बंद केलेली कड) गळत असल्याची लक्षणे असू शकतात. एका पोटरीत दुखून सूज आली तर शिरेत गुठळीची शंका घेतात. वजन झपाट्याने उतरताना पित्ताशयात खडे होतात. त्यांची कळ उजव्या बरगडीखाली, जेवणानंतर येते. बायपासनंतर कित्येक वर्षांनीही आतडे आतल्या फटीत अडकू शकते. त्याची खूण म्हणजे जेवल्यावर येणारी कळ, पाठीपर्यंत जाणारी, मध्येच पूर्ण थांबणारी. अशा वेळी एंडोस्कोपी अनेकदा स्वच्छ निघते आणि सीटी स्कॅनही कधीकधी फसवतो, म्हणून तपासणाऱ्या डॉक्टरला जुन्या बायपासची माहिती पहिल्याच वाक्यात द्यावी.