एक्कावन्नावा रकाना

पणजीला मांडवीचं पाणी खारट लागतं. नदीतून वर उसगावकडे जावं तसं ते गोडं होत जातं. नेमक्या कुठल्या वळणावर खारं संपलं, हे कुणालाच बोट ठेवून सांगता येणार नाही. सॉफ्टवेअरचा आकार मोजताना मात्र आपण अशा रेघा बिनदिक्कत ओढतो.

समजा, कांदोळीतल्या एका गेस्टहाउससाठी सॉफ्टवेअर करायचं आहे. कोडची ओळही लिहिलेली नसताना मालक खर्च विचारतो. त्यासाठी आयबीएमच्या ॲलन आल्ब्रेख्त यांनी १९७९ मध्ये फंक्शन पॉइंटची पद्धत मांडली. त्यात ओळी मोजत नाहीत. भरायचे फॉर्म, निघणारे अहवाल, सांभाळायची माहिती मोजतात. सॉफ्टवेअर स्वतः सांभाळतं अशा माहितीच्या प्रत्येक साठ्याला साधा, मध्यम किंवा क्लिष्ट ठरवून ७, १० किंवा १५ गुण मिळतात.

आपल्या पाहुण्यांच्या नोंदीत नाव, पासपोर्ट, व्हिसाची मुदत, खोली, बिल असे ५० रकाने आहेत, तीन उपगटांत. रकाने आणि उपगट मोजून दर्जा ठरवणारं या पद्धतीचं कोष्टक म्हणतं, मध्यम: १० गुण. संध्याकाळी मालकाचा फोन येतो, "पाहुण्याच्या भाड्याच्या स्कूटरचा नंबरही घाला त्यात." रकाने झाले ५१, आणि कोष्टकात नोंद क्लिष्ट ठरली: १५ गुण. एका नंबरापायी दीडपट! हे मला मुळीच पटत नाही.

संगणकशास्त्रज्ञ लोत्फी झादे यांनी १९६५ मध्ये मांडलेली फझी, म्हणजे धूसर कडांच्या, संचांची कल्पना इथे उपयोगी पडते. एखादी गोष्ट एकाच वेळी थोडी मध्यम, थोडी क्लिष्ट असू शकते. समजा, ३५ रकान्यांची नोंद पूर्ण मध्यम आणि ६७ ची पूर्ण क्लिष्ट धरली. मधल्या टापूत एक गुणधर्म उतरत जातो, दुसरा चढत जातो. मग ५१ रकान्यांची नोंद निम्मी मध्यम, निम्मी क्लिष्ट: १२.५ गुण. ५० रकान्यांना सुमारे १२.३. स्कूटरच्या नंबराचं वजन जेमतेम ०.२, आणि ते रास्तच आहे.

'निम्मी क्लिष्ट' म्हणजे क्लिष्ट असण्याची शक्यता ५० टक्के, असं मात्र नव्हे. रकाने तर मोजलेलेच आहेत. धूसर आहे तो 'क्लिष्ट' हा शब्द.

३५ आणि ६७ हे आकडे मी सोयीसाठी घेतले. प्रत्यक्षात ते अनुभवी माणसांना विचारून ठरवावे लागतात आणि पूर्ण झालेल्या कामांशी ताडून सुधारावे लागतात. खरी मेहनत तिथेच आहे. उद्या मालकाने आणखी पाच रकाने मागितले, तर जुनं कोष्टक १५ वरच बसून राहील. आपला आकडा १३.३ वर सरकेल.