नवा पीसी जोडताय? विंडोज आणि बाकी सॉफ्टवेअरच्या लायसन्सविषयी

आमच्या कोटेशनमध्ये प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी यांच्याखाली विंडोजची ओळ वेगळी लिहिलेली असते. सगळ्यात जास्त प्रश्न याच ओळीवर येतात. "ही काढून टाका, विंडोज तर कुणीही टाकून देतं" असं अनेक ग्राहक म्हणतात. विंडोज टाकून मिळतं हे खरं आहे, पण लायसन्स, म्हणजे ते वापरायचा कायदेशीर हक्क, त्यासोबत येत नाही. म्हणून पैसे देण्याआधी एक गोष्ट नक्की विचारा: हे लायसन्स कशाला बांधलेलं आहे? मदरबोर्डला, तुम्हाला, की वर्षाच्या वर्गणीला?

ओईएम आणि रिटेल

विंडोजचं लायसन्स ग्राहकाला मुख्यतः दोन प्रकारांत मिळतं. ओईएम (पीसी बनवणाऱ्यांसाठीचं लायसन्स) स्वस्त असतं, पण ज्या मदरबोर्डवर ते पहिल्यांदा चालू होतं त्याच्याशी कायमचं जोडलं जातं. रॅम वाढवा, एसएसडी बदला, ग्राफिक्स कार्ड नवं घ्या, त्याने फरक पडत नाही. दोन वर्षांनी हौसेनं नवा मदरबोर्ड घेतलात, तर मात्र नियमानं तो नवा संगणक ठरतो आणि लायसन्स पुन्हा घ्यावं लागतं. मदरबोर्ड बिघडला आणि वॉरंटीत तोच किंवा कंपनीनं दिलेला समकक्ष मदरबोर्ड बसवला, तर जुनं लायसन्स चालतं. वळवाच्या पावसात विजेच्या झटक्यानं मदरबोर्ड जळाल्याच्या तक्रारी आमच्याकडे दरवर्षी येतात. त्यामुळे मदरबोर्डचं बिल आणि वॉरंटीचे कागद विंडोजच्या बिलासोबतच ठेवा.

रिटेल (ग्राहकाला थेट विकलं जाणारं लायसन्स) महाग असतं, पण ते तुमचं असतं. जुन्या पीसीवरून काढून नव्यावर टाकता येतं. अट एवढीच, की एका वेळी एकाच संगणकावर वापरायचं. हार्डवेअर बदलल्यावर ॲक्टिव्हेशन (लायसन्सची मान्यता) गेलं, तर सेटिंग्जमधल्या ॲक्टिव्हेशनच्या पानावर ट्रबलशूटर असतो. लायसन्स आधीपासून तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडलेलं असेल, तर तिथून ते परत मिळवता येतं.

आमचा सल्ला सरळ आहे. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे, गेमिंगवाले, म्हणजे दर दोन-तीन वर्षांनी पीसी वाढवणारे असाल, तर रिटेल घ्या. दुकानाच्या हिशोबाचा पीसी आहे आणि बंद पडेपर्यंत तसाच वापरायचा आहे, तर ओईएम पुरेसं आहे. त्यात अडचण आली तर मदतीची जबाबदारी पीसी जोडून देणाऱ्याची, म्हणजे आमची असते.

होम घ्यायचं की प्रो? घरासाठी होम. बाहेरून या पीसीवर रिमोट डेस्कटॉपनं काम करायचं असेल किंवा ऑफिसच्या डोमेनला (कंपनीच्या नेटवर्कला) जोडायचा असेल, तरच प्रो.

"जुन्या लॅपटॉपचं ओरिजिनल विंडोज आहे, तेच टाका"

ब्रँडेड लॅपटॉपसोबत आलेलं विंडोज ओईएमच असतं. त्याची की (विंडोज चालू करण्याचा कोड) बहुतेक वेळा मदरबोर्डवरच्या चिपमध्ये भरलेली असते. लॅपटॉप भंगारात गेला तरी ते लायसन्स नव्या पीसीवर नेता येत नाही. विंडोज ७ किंवा ८ची जुनी की वापरून फुकट अपग्रेड करण्याची वाटही मायक्रोसॉफ्टनं २०२३ मध्ये बंद केली.

विंडोज १०चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. नव्या पीसीवर विंडोज ११च टाकायचं. त्याला टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) लागतं. आजच्या मदरबोर्डमध्ये ते असतं, पण कधीकधी बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमध्ये) बंद असतं. ते आम्ही चालू करून देतो.

खातं तुमच्याच नावाचं

विंडोज ११ होम सुरू करताना मायक्रोसॉफ्टचं खातं मागितलं जातं. घाईत कारागीर स्वतःचा ईमेल टाकून मोकळा होतो आणि ग्राहकाला ते कळतही नाही. यानं दोन नुकसानं होतात. लायसन्स त्या परक्या खात्याशी जोडलं जातं, हे एक. दुसरं त्याहून गंभीर आहे. विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्यानं टाकलेल्या विंडोजमध्ये डिस्क एन्क्रिप्शन (डेटाला लागणारं कुलूप) आपोआप चालू होऊ शकतं आणि ते उघडण्याची रिकव्हरी की त्याच खात्यात जमा होते. उद्या बायोस अपडेटनंतर पीसीनं ती की मागितली आणि खातं कुणा अनोळखी माणसाचं निघालं, तर मुलांचे फोटो, जीएसटीचे हिशोब, सगळं समोर असून हाती येत नाही. म्हणून पीसी घ्यायला येताना आपला ईमेल, पासवर्ड आणि ओटीपी येतो तो मोबाइल सोबत आणा. आम्ही खातं तुमच्याच हातानं उघडून घेतो. यासाठी वेळ लागतो, तो आम्ही देतो.

काहीशे रुपयांच्या की आणि क्रॅक

ऑनलाइन काहीशे रुपयांत मिळणारी की बऱ्याचदा खरंच चालू होते. म्हणूनच लोक फसतात. अशा की पुष्कळदा एखाद्या कंपनीनं अनेक पीसींसाठी एकत्र घेतलेल्या व्हॉल्यूम लायसन्समधल्या किंवा डेव्हलपरसाठीच्या योजनेतल्या असतात. त्या सुट्या विकायला परवानगी नसते. गैरवापर लक्षात आला की त्या बंद होतात आणि विकणारा सापडत नाही. की चालली म्हणजे लायसन्स मिळालं, असं होत नाही.

क्रॅक (लायसन्सची तपासणी चुकवणारं सॉफ्टवेअर) आम्ही टाकत नाही, कुणी ओळखीतून आलं तरी नाही. क्रॅक चालवायला अँटिव्हायरस बंद करावा लागतो आणि त्याच दारानं पासवर्ड चोरणारे प्रोग्रॅम आत येतात. ज्या पीसीवरून नेट बँकिंग होतं, त्यावर हे करणं आम्हाला पटत नाही. कायदाही स्पष्ट आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ ब प्रमाणे सॉफ्टवेअरची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरल्यास किमान ७ दिवस ते ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर धंद्यासाठी किंवा फायद्यासाठी नसेल, तर न्यायालय कैद टाळून ५० हजारांपर्यंत दंड करू शकतं.

बजेट खरंच कमी असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट किंवा उबुंटू घ्या. दोन्ही फुकट आणि पूर्ण कायदेशीर आहेत. मराठी टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात मिळतो, ब्राउझर चालतो, मुलांचा अभ्यास होतो. मायक्रोसॉफ्ट ऑफिसऐवजी लिब्रेऑफिस घरात आणि धंद्यातही विनामूल्य वापरता येतं. मात्र हिशोबाचं सॉफ्टवेअर टॅली विंडोजसाठी बनलेलं आहे, तेव्हा हिशोबाच्या पीसीला लिनक्स सुचवणार नाही.

घरचं लायसन्स कारखान्यात

नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या छोट्या कारखानदारांसाठी हे मुद्दाम लिहितो. मुलगा इंजिनिअरिंगला असतो, त्याला ऑटोकॅडचं (ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरचं) विद्यार्थी लायसन्स फुकट मिळतं आणि त्याच पीसीवर वर्कशॉपच्या जॉबची ड्रॉइंग होऊ लागतात. ते लायसन्स फक्त शिकण्यासाठी आहे. ऑर्डरच्या कामाला व्यावसायिक लायसन्स लागतं आणि ते आता वर्गणीवरच मिळतं. मायक्रोसॉफ्ट ऑफिसचंही तसंच आहे. धंद्यासाठी ऑफिस होम २०२४ नको, होम अँड बिझनेस घ्या. आणि बिल फर्मच्या नावानं, जीएसटी क्रमांकासह मागा.

फॉरमॅट मारण्याआधी

टॅली असलेला पीसी फॉरमॅटला किंवा बदलायला आणण्याआधी टॅलीचं लायसन्स त्या पीसीवरून सरेंडर करा, म्हणजे सोडवून घ्या. सरेंडर न करताच फॉरमॅट मारलं, तर नव्या पीसीवर ते चालू करताना अडतं आणि नेमकी रिटर्न भरायची तारीख जवळ असते. पीसी चालूच होत नसेल, तर आधी तुमच्या टॅली पार्टनरला फोन करा, मग पीसी आमच्याकडे आणा. डेटाचा बॅकअप आम्ही काढून देतो, पण लायसन्स मालकाच्याच लॉगिननं सरेंडर होतं.