तंबोऱ्यामागची जागा : गाणं शिकण्याच्या खर्चाची पार्श्वभूमी

पूर्वी गाणं फुकट शिकायला मिळायचं, आता त्याचा बाजार झाला, असं कुणी ना कुणी म्हणतंच. यातला पूर्वार्ध खरा नाही. गुरूच्या घरी राहणारा मुलगा पाणी भरायचा, बाजारहाट करायचा, माधुकरी मागायचा नाहीतर वार लावून जेवायचा आणि तालीम कधी सुरू होईल याची वाट पाहायचा. किंमत होतीच, फक्त ती रुपयांत नसून वर्षांत मोजली जायची. शिवाय घरातला कमावता होऊ शकणारा मुलगा इतकी वर्षं सोडून देणं ज्यांना जमायचं, त्यांच्यासाठीच ही सोय होती. मुलींचा तर यात विचारच नव्हता.

मग संस्था आल्या. पुण्यात १८७४ मध्ये पूना गायन समाज आणि पुढे १९११ मध्ये भारत गायन समाज चालू झाला, बडोद्यात दरबारच्या आश्रयाने गायनशाळा निघाली. लाहोरला १९०१ साली विष्णु दिगंबर पलुस्करांनी गांधर्व महाविद्यालय काढलं. त्या विद्यालयाचा हिशेब मात्र फारसा सांगितला जात नाही. बाहेरून येणारे विद्यार्थी फी भरत. निवडक मुलं करार करून विद्यालयातच राहत, त्यांचं जेवणखाण आणि शिक्षण मोफत. त्या बदल्यात त्यांनी पुढे शिकवायचं. मोफत मुलांचा खर्च फीमधून, देणग्यांतून आणि संस्थापकाच्या जलशांतून भागे. पुढे मुंबईत विद्यालयाची इमारत उभी राहिली ती कर्जावर, आणि कर्ज फिटेना म्हणून ती सावकारांच्या हाती गेली. परवडणाऱ्या संगीतशिक्षणाचा पहिला मोठा प्रयोग गाण्यावर अडला नाही, तो विटा-चुन्यावर अडला. पलुस्करांच्या शिष्यांनी १९३१ नंतर जे अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं केलं त्यात म्हणूनच इमारतीपेक्षा परीक्षांना महत्त्व आलं. परीक्षेला इमारत लागत नाही. गावातल्या शाळेचा एक वर्ग पुरतो.

प्रारंभिक ते अलंकार या मंडळाच्या परीक्षांच्या उतरंडीला शंभर जणांनी शंभर वेळा नावं ठेवलेली आहेत. तरी तालुक्याच्या गावात पेटी घेऊन बसणाऱ्या शिक्षकाचं पोट तिनेच भरलं आणि मध्यमवर्गीय घरातल्या मुलीला गाण्याच्या क्लासला जाण्याचं सभ्य कारणही तिनेच दिलं. परीक्षेच्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात दहा-बारा मुलं मांडीवर टाळी-खाली देत एकतालाची दुगुन, म्हणजे दुप्पट लयीतले बोल, पुटपुटत असतात. प्रत्येकाच्या हातात वही, वहीत भूप रागाचे पाच आलाप आणि पाच ताना, शिक्षकांनी लिहून दिलेले आणि मुलाने पाठ केलेले. आत पंधरा-वीस मिनिटांत सगळं उरकतं. त्या खोलीत परीक्षक आणि तबलजी सोडले तर ऐकणारा कुणी नसतो. पुढच्या गोंधळाचं मूळ इथेच आहे. परीक्षा झाली म्हणजे सादरीकरण झालं, असं घरोघरी धरलं गेलं.

गोंधळ वाढला तो दहावीच्या वाढीव गुणांनी. खेळाडूंना गुण मिळतात, मग कलाकारांना का नाहीत, हा प्रश्न रास्तच होता. राज्य सरकारने शास्त्रीय गायन, वादन, नृत्याच्या ठरावीक परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना वाढीव गुण द्यायचं ठरवलं आणि २०१७ च्या निकालात त्याचा परिणाम ठळकपणे दिसला. त्या वर्षी शंभर टक्के मिळवणारे १९३ विद्यार्थी निघाले आणि कला-क्रीडेच्या गुणांवर लगेच टीका सुरू झाली. गुणांची खैरात, टक्केवारीची सूज, अकरावीच्या प्रवेशात अन्याय, असं सगळं बोललं गेलं. नंतर नियम बदलले, परीक्षांच्या पातळीनुसार गुण ठरले.

निर्णयाच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा साधा होता. नववी आली की क्लास बंद, ही घरोघरची रीत. गुणांच्या आशेने का होईना, मूल आणखी दोन वर्षं रियाझाला बसतं. विरोधकांचं म्हणणं, ते रियाझाला बसत नाही, प्रमाणपत्रासाठी बसतं. दोन्ही बाजूंना आपापली उदाहरणं सापडतात. पण क्लासच्या वेळापत्रकात काय बदललं ते पाहावं. सातवी-आठवीत एकामागून एक परीक्षा उरकायची घाई आली, एका रागावर सहा महिने रेंगाळणारा शिक्षक पालकांना ‘स्लो’ वाटू लागला, आणि दहावीचा अर्ज भरून झाला की तानपुऱ्याला गवसणी चढली. सरकारचा हेतू वाईट नव्हता. गुण परीक्षेला दिले, गाण्याला दिले नाहीत, एवढंच. मुलाने वर्षभरात चार माणसांपुढे कितीदा गायलं, हा प्रश्न त्या अर्जात कुठेच नव्हता.

शिष्यवृत्त्यांची गोष्ट वेगळी. केंद्राची बालकलाकारांसाठीची योजना १९८२ पासून चालू आहे आणि निवडीचं वय १० ते १४. मोठ्यांसाठीची शिष्यवृत्ती १८ ते २५ या वयासाठी, महिना ५,००० रुपये, दोन वर्षं. चौदाच्या आत निवड झाली तर पुढे काही वर्षं आधार राहतो. हुकली तर अठरापर्यंत थांबा. मुलग्यांचा आवाज फुटतो तो नेमका याच वयात. पट्टी खाली येते, गळा हाताला लागत नाही, मूल गायला लाजतं. गुरूची सर्वांत जास्त गरज असते तेव्हा मदत मिळवायचा दरवाजाच नसतो. हे कुणी मुद्दाम केलेलं नाही, पण दुरुस्तही केलेलं नाही.

मंचाचं म्हणाल तर तरुणांसाठी पूर्वी दोनच पक्क्या जागा होत्या. एक आकाशवाणी : ऑडिशन पास झाली की बी ग्रेड, म्हणजे कलाकारांच्या श्रेणींतली पहिली पायरी, छोटंसं मानधन, आणि शिकाऊ माणसाने पैसे द्यायचे नाहीत तर घ्यायचे, हा दुर्मीळ अनुभव. दुसरी जागा गुरूच्या मागे, तंबोऱ्यावर. पुण्यात १९५३ पासून भरणाऱ्या सवाई गंधर्व महोत्सवात आज नावाजलेले कितीतरी गळे आधी असेच मागून ऐकू आलेले आहेत. तिथे बसणाऱ्याला स्वर धरून ठेवायचा असतो, गुरू थांबले की जागा भरायची असते, आणि आपण चुकलो तर हजारो लोकांना कळणार ही धाकधूक असते. या शिकवणीला फी नाही. स्वतंत्र मैफलीपेक्षा ती जास्त शिकवते, असं आमचं ठाम मत.

आता नवोदितांसाठी स्पर्धा आणि संमेलनं वाढली आहेत, त्यांतल्या अनेक ठिकाणी सहभाग शुल्क आहे. साथीदारांचं मानधन, पेटीवाल्याचा प्रवास, चित्रीकरण, हे सगळं बऱ्याचदा मुलाच्या घरून. १९७७ मध्ये दिल्लीत विद्यार्थ्यांसाठी सुरू झालेल्या ‘स्पिक मॅके’ या चळवळीने मोठे कलाकार शाळा-कॉलेजांत विनातिकीट ऐकवले, पण तिथे विद्यार्थी समोर बसतो, मंचावर नाही. ऑनलाइन शिकवणीने दूरच्या गावातल्या मुलाला नामवंत गुरू मिळाला. आवाज पोचायला क्षणभर उशीर होत असल्याने गुरूबरोबर एका सुरात गाता मात्र येत नाही.

तंबोऱ्यामागची जागाही हळूहळू आखडली. विजेवरचा तानपुरा आला, मग तो फोनच्या ॲपमध्ये शिरला. बाहेरगावच्या कार्यक्रमाला गुरूंबरोबर दोन शिष्य न्यायचे म्हणजे दोन तिकिटं, एक जास्तीची खोली आणि जेवण. आयोजक फोनवर विचारतो, ‘तानपुरा मशीनवर चालेल ना?’ आणि बहुतेक वेळा चालतो.