ग्योर्लित्स : घरांच्या मधून गेलेली सीमा

जर्मनीच्या अगदी पूर्व टोकाला, सॅक्सनी राज्यात, ग्योर्लित्स नावाचं साधारण ५५ हजार वस्तीचं गाव आहे. सेंट पीटर चर्चच्या दोन उंच मनोऱ्यांखालून उतार उतरलं की नायसे नदी लागते. इथे नदीवर फक्त पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी असा एक पूल आहे. तो ओलांडायला दोन मिनिटंही लागत नाहीत आणि पलीकडे पोलंड सुरू होतो. तिथल्या गावाचं नाव झ्गोझेलेत्स. ऑक्टोबर २०२३ पासून जर्मनीने पोलंडच्या हद्दीवर पुन्हा तपासणी सुरू केली, जुलै २०२५ मध्ये पोलंडनेही तेच केलं आणि या जोडगावाचं नाव पुन्हा बातम्यांत आलं. इथे तपासणीचा एवढा त्रास का होतो, हे कळायला मागे जावं लागतं. ही सीमा ८० वर्षांपूर्वीची आहे, गाव साडेनऊशे वर्षांचं.

दोन्ही नावं मुळात एकच आहेत. १०७१ सालच्या एका राजपत्रात या जागेचा पहिला उल्लेख सापडतो. नाव स्लाव्ह भाषेतलं आहे आणि त्याचा संबंध जळण्याशी आहे : रान जाळून मोकळी केलेली जमीन. जर्मन तोंडात त्याचं ग्योर्लित्स झालं, पोलिश तोंडात झ्गोझेलेत्स.

गावाला पैसा मिळाला तो रस्त्यामुळे. ऱ्हाईनच्या खोऱ्यातून लायप्झिगमार्गे पोलंडकडे जाणारा ‘विया रेगिया’ हा जुना व्यापारी मार्ग इथेच नायसे ओलांडायचा. इथलं कापड दूरवर जाई आणि कापड रंगवायला लागणाऱ्या वाइड या वनस्पतीची मोठी पेठ इथे होती. तिच्या पानांपासून निळा रंग काढत. पुढे समुद्रमार्गे हिंदुस्थानची नीळ आली आणि युरोपभर वाइडचा धंदा बसत गेला. पण त्या सुबत्तेतली घरं ग्योर्लित्समध्ये आजही उभी आहेत. दारातून आत गेलं की दोन-तीन मजले उंच, कमानींचं छत असलेला प्रशस्त चौक लागतो. व्यापारी तिथे माल मांडत आणि सौदे करत. बाजारचौकातल्या एका घराच्या दगडी कमानीला खोल पन्हळ आहे. एका टोकाला तोंड लावून हळूच बोललं की दुसऱ्या टोकाला उभ्या माणसाला ते स्वच्छ ऐकू येतं.

१३४६ मध्ये आजूबाजूच्या सहा शहरांनी लुटारूंपासून बचावासाठी एकजूट केली, त्यात ग्योर्लित्स होतं. गाव आधी बोहेमियाच्या (आजच्या चेक प्रदेशाच्या) राजाकडे, १६३५ मध्ये सॅक्सनीकडे, १८१५ मध्ये प्रशियाकडे गेलं. मालक बदलले, पण नदी गावातलीच राहिली. जुना गाव पश्चिम काठावर, पूर्वेला उपनगर. याकोब ब्योमे हा चांभारकाम करणारा गूढवादी तत्त्वज्ञ सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इथेच राहिला. धर्मगुरूंच्या रोषामुळे नगरपरिषदेने त्याच्या लिहिण्यावर बंदी घातली. त्याची कबर आज जर्मनीत आहे आणि घर पोलंडमध्ये.

दुसऱ्या महायुद्धात गावाजवळ मोठी युद्धकैद्यांची छावणी होती. जानेवारी १९४१ मध्ये तिथल्या एका थंड बराकीत फ्रेंच संगीतकार ऑलिव्हिए मेसियाँ याने कैदेत पुरी केलेली रचना चार वादकांनी पहिल्यांदा वाजवली. ती जागाही आता पोलंडच्या बाजूला आहे.

बॉम्बहल्ल्यांतून गाव जवळजवळ शाबूत सुटलं. ७ मे १९४५ रोजी, युद्ध संपायच्या अगदी आदल्या दिवशी, माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने नायसेवरचे पूल उडवले. १८४७ मध्ये बांधलेला, ४७५ मीटर लांबीचा रेल्वेपूलही त्यात गेला. मग ऑगस्टमध्ये पॉट्सडॅमला विजेत्यांनी ओडर आणि नायसे या नद्या जर्मनी-पोलंडची हद्द ठरवल्या. त्याआधीच पूर्व काठावरच्या जर्मन कुटुंबांना घरं सोडायला लावलं गेलं होतं. रिकाम्या घरांत आले ते पोलिश लोक. त्यांतल्या अनेकांची स्वतःची गावं सोव्हिएत संघात गेली होती. १९४९ पासून यादवी युद्धातून पळालेले हजारो ग्रीक निर्वासितही इथे वसवले गेले. पश्चिम काठावर सायलेशियातून, म्हणजे पोलंडकडे गेलेल्या पूर्वेकडच्या प्रांतातून, हाकललेले जर्मन थांबून राहिले. आज ना उद्या परत जायला मिळेल, ही आशा त्यांना होती. नदीच्या दोन्ही बाजूंना घर गमावलेली माणसं राहत होती, हे मला या इतिहासातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. नंतरचा दुरावा तिथून समजतो.

६ जुलै १९५० रोजी पूर्व जर्मनीने झ्गोझेलेत्समध्येच करार करून ही सीमा मान्य केली. सह्या झाल्या त्या इमारतीत, जी मुळात जर्मन सम्राटांच्या स्मरणार्थ बांधली होती. पश्चिम जर्मनीने तेव्हा हा करार नाकारला. एकत्र झालेल्या जर्मनीने पोलंडशी सीमेचा अंतिम करार केला तो नोव्हेंबर १९९० मध्ये. कागदावर मैत्रीची सीमा म्हणत असले, तरी सामान्य माणसाला मोकळेपणाने पलीकडे जाता आलं ते १९७२ पासून. तेही आठच वर्षं. पोलंडमध्ये सॉलिडॅरिटी ही कामगारांची सरकारविरोधी चळवळ उभी राहिल्यावर ऑक्टोबर १९८० मध्ये पूर्व जर्मनीने दार पुन्हा लावून घेतलं.

दरम्यान जुनी घरं गळत होती, ओस पडत होती. काही भाग सुरुंग लावून पाडायची तयारीही झाली होती, पण १९८९ मध्ये पूर्व जर्मनीची साम्यवादी राजवट कोसळली आणि ते टळलं. मग १९९५ मध्ये नगरपालिकेच्या खात्यात दहा लाख मार्क जमा झाले, जुन्या घरांच्या दुरुस्तीसाठी. दात्याची अट एकच : नाव शोधायचं नाही. पुढे दरवर्षी तेवढीच रक्कम येत राहिली, चलन बदलल्यावर युरोमध्ये, २०१६ पर्यंत. कौलं, दरवाजे, दगडी कोरीवकाम असं शेकडो ठिकाणी त्या पैशातून काम झालं. गावाने अट पाळली. दाता कोण, हे आजही जाहीर नाही.

१९९८ मध्ये दोन्ही नगरपालिकांनी मिळून स्वतःला ‘युरोपशहर’ म्हणवून घेतलं. पोलंड युरोपीय संघात आला त्याच वर्षी, २००४ मध्ये, १९४५ साली उडवलेल्या पुलाच्या जागी नवा पादचारी पूल खुला झाला. डिसेंबर २००७ पासून पासपोर्ट दाखवायचीही गरज उरली नाही. लोक एका काठावर राहू लागले आणि दुसऱ्या काठावर कामाला जाऊ लागले. मार्च २०२० मध्ये करोनामुळे पोलंडने हद्द बंद केली, तेव्हा याच पुलाच्या मधोमध कुंपण उभं राहिलं. पलीकडे नोकरी असलेली, पलीकडे जोडीदार असलेली माणसं अडकली. कुंपणाच्या दोन बाजूंना उभं राहून लोक एकमेकांशी बोलत. जूनच्या मध्यावर, मध्यरात्री, दोन्ही गावांच्या महापौरांनी मिळून ते उघडलं.

आता दोन्ही गावांना घरं गरम ठेवायला लागणारी उष्णता एकाच सामायिक जाळ्यातून पुरवायचं ठरलं आहे. त्यासाठी नळ नायसे ओलांडून जातील.