ठेक्यावरच्या कामगारांची पीएफ पेन्शन: अर्ज कुठे अडतो आणि टेंडरमध्ये काय मागायचं

"तुमची सेवा आठच वर्षं दिसते." सोलापुरात ठेक्यावर झाडलोट, हाउसकीपिंग किंवा वॉचमनचं काम केलेल्या अनेकांना पेन्शनच्या वेळी हे ऐकावं लागतं. काम वीस वर्षं एकाच जागी केलेलं असतं, पण ठेकेदार चार-पाच बदललेले असतात आणि दर नव्या ठेकेदाराने नवा पीएफ नंबर काढलेला असतो.

पात्रता सोपी आहे. वय ५८ पूर्ण आणि पेन्शन योजनेतली (ईपीएस ९५) सेवा किमान १० वर्षं. साडेनऊ वर्षं भरली तरी दहा धरतात. पन्नाशीनंतर लवकर पेन्शन घेता येते, पण दर वर्षामागे ४ टक्के कापले जातात. अर्ज फॉर्म १०-डी. सोबत आधार, बँक पासबुक, फोटो आणि कुटुंबाची माहिती.

खरी अडचण पुढे आहे. जुने नंबर आताच्या यूएएनला (ठेकेदार बदलला तरी तोच राहणारा पीएफचा कायमचा क्रमांक) जोडल्याशिवाय १०-डी भरू नका. आणि मधल्या काळात कुणी "फॉर्म १०-सी भरून पैसे काढून घ्या" म्हटलं तर कृपा करून ऐकू नका. पैसे काढले की ती वर्षं पेन्शनमधून गेली. चार-पाच हजारांसाठी आयुष्यभराची पेन्शन घालवलेल्या बायका बघून जीव तुटतो. त्याऐवजी योजना प्रमाणपत्र घ्या, सेवा शाबूत राहते.

दुसरी अडचण नावाची. आधारवर 'लक्ष्मीबाई', पीएफमध्ये 'लक्ष्मम्मा', बँकेत माहेरचं आडनाव. आपल्याकडे तेलुगू आणि कन्नड घरांत हे सर्रास आहे, तरी अर्ज परत येतोच. त्यासाठी संयुक्त घोषणापत्र (नाव दुरुस्तीचा अर्ज) द्यावं लागतं आणि बऱ्याचदा त्यावर मालकाची संमती लागते. ठेकेदार गाशा गुंडाळून गेला असेल, तर राजपत्रित अधिकाऱ्याच्या सही-शिक्क्याने कागदी अर्ज थेट पीएफ कार्यालयात द्या. नोकरी सोडल्याची तारीख भरलेली नसेल, तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी पोर्टलवर तुम्हीच भरू शकता.

आता रकमेबद्दल. शेवटच्या ६० महिन्यांचा सरासरी पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. पगाराची मर्यादा १५,००० रुपये. दहा वर्षांच्या सेवेला १५,००० वर २,१४२ रुपये बसतात. ठेकेदाराने पगार तोडून ९,००० दाखवला असेल तर १,२८५. किमान पेन्शन २०१४ पासून १,००० रुपये आहे आणि तिला महागाई भत्ता नाही. म्हणजे एकदा ठरलेली पेन्शन आपोआप वाढत नाही. किमान पेन्शन वाढवण्याची लढाई दिल्लीत चालू आहे, ती चालायलाच हवी. पण तुमची रक्कम ठरते ती दर महिन्याच्या चलनात (ठेकेदाराने पीएफ भरल्याच्या पावतीत), आणि ते चलन नीट भरून घेण्याची ताकद टेंडरच्या अटीत असते.

म्हणून काम चालू असतानाच माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. ज्या कार्यालयाचं काम करता तिथल्या जन माहिती अधिकाऱ्याकडे टेंडरच्या अटी, कामाचा आदेश आणि ठेकेदाराच्या बिलांसोबत जोडलेली पीएफ चलनं मागा. सगळ्यांची नावं मागितलीत तर "वैयक्तिक माहिती" म्हणून नकार येतो. स्वतःची नोंद आणि महिन्याची एकूण कामगारसंख्या मागा. हाताखाली शंभर माणसं आणि चलन साठांचं, एवढा फरक दिसला तरी पुरे. तीस दिवसांत उत्तर आलं नाही की पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील.

"आमचा संबंध नाही, ठेकेदाराला विचारा" हे उत्तर मान्य करू नका. ठेकेदाराच्या कामगारांचाही पीएफ भरला जाईल हे पाहणं मूळ मालकाची, म्हणजे काम देणाऱ्या कार्यालयाची जबाबदारी आहे.

टेंडरसाठीचं निवेदन देण्याची वेळ बहुतेक जण चुकवतात. नोटीस निघाल्यावर गेलात तर "आता अटी बदलत नाहीत" म्हणून हाकलतात. शुद्धिपत्रक काढून बदल करता येतो, पण ते करवून घेणं जड जातं. जुना ठेका संपायच्या पुष्कळ आधी, अंदाजपत्रक तयार होताना जा. मागणी नेमकी लिहा: किमान वेतनाचा दर सहा महिन्यांनी वाढणारा विशेष भत्ता ठेकेदाराला वेगळा मिळावा, त्याच साइटच्या कामगारांच्या यादीसह चलन आल्याशिवाय बिल निघू नये, आणि ठेकेदार बदलला तरी यूएएन तोच राहावा. भत्त्याची सोय नसली की सगळ्यात कमी दर भरणारा ठेकेदार तो फरक कामगाराच्या ताटातूनच काढतो.

पीएफची तक्रार असेल तर दर महिन्याच्या २७ तारखेला पीएफ कार्यालयाचं 'निधी आपके निकट' शिबिर असतं. सुट्टी आली तर पुढच्या कामाच्या दिवशी. पासबुकाची प्रत न्या आणि पेन्शनच्या रकान्यात ज्या महिन्यांत शून्य आहे ते आधीच पेनाने गोल करून ठेवा.